बिनतारखेचा राजीनामा

द्रेनोविच हा माणूस अव्वल नंबरचा हलकट होता, आणि त्याच्यावर मी माझ्या आयुष्यातली सहा वर्षं घालवली. बाल्कनमधल्या एका चिमुकल्या देशाचा हा पक्षप्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष. पीएच.डी.साठी विषय निवडताना माझे गाईड म्हणाले होते, विशाखा, इथल्या पुढाऱ्यावर लिहिशील तर उद्या नोकरीच्या दारात तोच उभा असेल. असा कुणीतरी धर, ज्याचा पुतण्या आपल्या विद्यापीठात नाही. मग मी हा धरला.

सिमेंटच्या कारखान्यात युनियनचा चिटणीस म्हणून त्याची सुरुवात झाली. ज्या म्हाताऱ्यानं बोटाला धरून त्याला पक्षात आणलं, त्याच म्हाताऱ्याला यानं भर अधिवेशनात रडवून घरी बसवला. साम्यवादाचे दिवस भरले तसा हा आठवड्याभरात देशभक्त झाला. तीनदा पक्षाचं नाव बदललं. इमारत तीच, खुर्ची तीच, खुर्चीतला बाबाही तोच. सणाला चर्चमध्ये मेणबत्ती लावायचा, आणि फोटोवाल्याला उशीर झाला तर विझवून पुन्हा लावायचा. अशा माणसाला लोकांनी तीनदा निवडून दिला. लोकांचं तरी काय सांगावं!

त्याची खरी अक्कल टेबलाच्या खणात होती. कुणालाही मंत्री करण्याआधी तो त्याच्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा. खाली सही असायची, तारीख नसायची. मंत्र्यानं मान जरा वर केली की द्रेनोविच खण उघडून तारीख टाकायचा, आणि दुपारच्या बातम्यांत मंत्रीमहोदय प्रकृतीच्या कारणानं पदमुक्त झालेले असायचे.

माझं चौथं प्रकरण या सही करणाऱ्यांवर होतं. ते मी फार चवीनं लिहिलं, खोटं कशाला बोलू? त्यातही शिक्षणमंत्री ब्रांको रादेन याला तर मी सोलूनच काढला. गावच्या शाळेतला मास्तर, भरपूर वाचलेला, बुद्धीचा. आणि सही करून सात वर्षं द्रेनोविचच्या प्रत्येक थापेवर मान डोलावत बसला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच्यावरचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. मीही हसले.

आता आमचे नानासाहेब. मी बिडकीनला ज्या कॉलेजात शिकवते त्या संस्थेचे संस्थापक, अध्यक्ष आणि मालक. हा इसम चार पक्ष हिंडून आलाय. बैठकीतल्या भिंतीवर नेत्याची तसबीर बदलते, खिळा बदलत नाही. भाषणात बाबासाहेबांचं नाव घेताना याचा गळा दाटून येतो आणि आमच्या वस्तीतल्या माणसानं दिलेला पाण्याचा ग्लास हातात घेताना याला तहान नसते. हे मी अकरा वर्षं बघतेय.

अकरा वर्षं म्हणजे तासिका तत्त्वावर. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला रस्ता मोकळा. मधल्या महिन्यांत पैठणच्या एस.टी.त उभं राहून बिडकीन गाठायचं, आणि बेचाळिसाव्या वर्षी पोरांसमोर प्राध्यापक म्हणून मिरवायचं. श्रेयाचे वडील गेले तेव्हापासून घर माझ्यावरच. श्रेया बारावीला, आई कडूबाई साखरेच्या आजारानं अर्धी झालेली. यंदा विभागात कायम जागा निघाली, तीही राखीव. नेट झालेली, पीएच.डी. झालेली उमेदवार मी एकटीच. मला घेण्यावाचून नानासाहेबांना इलाज नव्हता. दुसऱ्यांकडून ते काय काय घेतात ते अख्ख्या बिडकीनला ठाऊक आहे. माझ्याकडं घेण्यासारखं काही नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. ही जागा हुकली तर पुढची निघेपर्यंत माझं वय निघून जाणार होतं.

एक आगळीक मात्र माझ्या हातून होऊन गेली होती. पीएच.डी. झाली की प्रबंधाची बांधीव प्रत अध्यक्षांना नेऊन द्यायची, असा आमच्याकडं रिवाज आहे. शाल, नारळ, फोटो, आणि प्रत काचेच्या कपाटात. कुठल्या अध्यक्षानं ती उघडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. म्हणून मीही बेफिकीर जाऊन दिली. सोनेरी अक्षरांत, आत ‘सविनय सादर’ लिहून.

परवा नानासाहेबांनी शहरातल्या बंगल्यावर बोलावलं. ऑफिसचे पुंडलिकराव कागद घेऊन बसले होते. पहिला नेमणुकीचा आदेश, त्यावर माझं नाव बघून डोळे भरून आले. दुसरा हजर झाल्याचा. तिसरा पुंडलिकरावांनी खालमानेनं पुढं केला आणि हळूच म्हणाले, सगळेच देतात मॅडम. वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, एवढंच त्यावर छापलेलं. तारखेची जागा कोरी.

माझं डोकंच फिरलं. तरी जिभेवर साखर ठेवून मी म्हणाले की सर, हे कायद्यात बसत नाही. नानासाहेब चिडले नाहीत. हात मागं नेऊन त्यांनी कपाटातून माझा प्रबंध काढला. पानोपानी बसची तिकिटं आणि औषधांच्या चिठ्ठ्या खुणेला घातलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे पडून होते, म्हणाले, तेव्हा दोनदा वाचला. द्रेनोविच त्यांना एकंदरीत आवडला होता. फक्त सगळे राजीनामे एका खणात ठेवले ही त्याची चूक; तो पडला आणि त्याच्या मागून आलेल्यानं त्याच खणातून त्याची सगळी माणसं घरी घालवली. आपण तीन ठिकाणी ठेवतो, असं नानासाहेबांनी मला समजावून सांगितलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं!

मग त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि बोट ठेवून, अडखळत, माझंच मला वाचून दाखवलं.

“रादेन यांच्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. त्यांना फक्त एक पेन देण्यात आलं, आणि तेवढं त्यांना पुरलं. अशांना भित्रे म्हणणं हा भित्र्यांचा अपमान आहे.”

पुंडलिकराव जमिनीकडं बघत बसले. याच घरात याच पेनानं त्यांनीही कधीतरी सही केली असणार.

“लई जोरात लिवलंय बाई,” नानासाहेब म्हणाले. “ह्या मास्तरला लेकरंबाळं व्हती का?”

होती. दोन मुली. थोरलीला फिट यायच्या आणि तिचं औषध राजधानीतल्या सरकारी दवाखान्याशिवाय कुठं मिळत नव्हतं. मंत्रिपद गेलं असतं तर गावी परतावं लागलं असतं. त्यानं एका जुन्या मुलाखतीत हे सगळं सांगितलं होतं. माझ्या टिपणवहीत ते होतं, तारखेसकट. प्रबंधातून मी काढून टाकलं, कारण ते आलं की परिच्छेदाची धार जात होती. एका माणसाला मी तुच्छ ठरवला आणि त्यावर डॉक्टर झाले.

“होत्या,” मी म्हणाले. “दोन मुली.”

“मंग ते लिवाय पायजे व्हतं,” नानासाहेब म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

मला त्या माणसाची शिसारी आली. त्याचं बोलणं खरं होतं म्हणून तर जास्तच आली. उठून जावं, आदेश तोंडावर फेकावा, असं सगळं मनात येऊन गेलं. श्रेयाही येऊन गेली, आईची सुईही. पण खरं सांगते, सही करताना मला त्या दोघी आठवत नव्हत्या. मला ती जागा हवी होती. मला हवी होती.

पुंडलिकरावांनी तारखेची जागा कोरी आहे ना, ते नीट बघून घेतलं. मग नानासाहेबांनी आतून चहा मागवला आणि मी तो बशीत ओतून सगळा प्यायले.