थपडेचा आवाज

नाट्यगृहात मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे थपडेचा आवाज काढणं. हसू नका. हे काम असतं.

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात नवरा बायकोवर हात उगारतो. हात वर गेला की प्रॉम्प्टर खालून बटण दाबतो, वरच्या केबिनमध्ये लाल दिवा लागतो, आणि प्रकाशाचे मास्तर सगळे दिवे घालवतात. त्या काळोखात विंगेत उभी असलेली मी चामड्याचा पट्टा लाकडी फळीवर हाणायची. फाट्! पुढच्या रांगेतल्या बायका दचकायच्या. पुन्हा उजेड होई तेव्हा बायको जमिनीवर पडलेली आणि नवरा खिडकीशी पाठमोरा उभा. हात हवेतच थांबवायचा आणि कुणाला काही लागायचं नाही, असं दिग्दर्शकाने बसवून दिलं होतं.

मला तिथे चिकटवलं माझ्या आत्याने. ती कपडेपट सांभाळायची. "भावाची पोर आहे. तोंडाने फटकळ, पण हात चांगला चालतो," असं तिने मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी माझ्या तोंडाची चौकशी केली नाही, हातांची केली. वायर चुकीची जोडली की पक्कड बोटांच्या पेरांवर बसायची. "उलटी वायर लावलीस तर माणूस मरतो," ते म्हणायचे, "आणि मेला तर मला बोलवायला येऊ नकोस, मी जेवत असेन." मी लगेच उसळते म्हणून त्यांनी माझं नाव फ्यूज ठेवलं. महिनाभरात माझी पेरं काळीनिळी झाली आणि मला दिवे कमीजास्त करणारा डिमर चालवता यायला लागला. मला ते काम वेड्यासारखं आवडलं होतं, हे मी उघड सांगते.

नवऱ्याचं काम करणारा नट म्हणजे दादा. बाहेर लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला रांगा लावायचे, आणि तो म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. रंगपटात मात्र एका प्रयोगाआधी शर्टाचं बटण तुटलेलं निघालं म्हणून त्याने गरम चहा आत्याच्या अंगावर फेकला. बायकोचं काम करणाऱ्या ताई तिथेच बसल्या होत्या. त्या उठल्या, दार अडवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्यांची माफी मागा. त्याशिवाय मी स्टेजवर येत नाही." तिसरी घंटा वाजायची होती. त्याने हसत हसत माफी मागितली. माझ्या आत्याच्या हाताला फोड आले होते आणि ती मान खाली घालून "असू द्या, असू द्या" म्हणत होती.

त्याच प्रयोगात पहिल्यांदा मला दोन आवाज ऐकू आले. माझा पट्टा फळीवर बसला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला. लाकडाचा आवाज कोरडा असतो, हा ओला होता. मला वाटलं, रिकाम्या कोपऱ्यातून घुमला असेल. पुढच्या प्रयोगालाही तसंच झालं. मग मी एक गोष्ट केली. त्याच्या पुढच्या प्रयोगात काळोख झाला तेव्हा मी पट्टा उचललाच नाही. तरीही आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या बायका नेहमीसारख्याच दचकल्या. माझं काम न करता माझं काम झालं होतं.

पडदा पडल्यावर ताई विंगेत आल्या आणि बादलीत थुंकल्या. रक्त होतं. माझी आत्या बर्फाचं फडकं घेऊन आधीच तिथे उभी होती, म्हणजे तिला माहीत होतं. ताईंच्या दंडावर बोटांचे वळ होते, जुने पिवळे आणि नवे जांभळे. तेव्हा मला कळलं की आत्याने ताईंच्या पोशाखाला अचानक लांब बाह्या आणि उंच कॉलर का शिवली होती.

"तू झाकत होतीस?" मी विचारलं.

"हळू बोल. कपडेपटातून दिसतं ते सगळं बोलायला लागले तर एक नाटक उभं राहायचं नाही."

"तुझ्यासाठी भांडली ना ती? तुझ्यासाठी मार खातेय."

आत्याने मला ढकललं. मी तिला ढकललं. कपड्यांचा रॅक आमच्या अंगावर कोसळला आणि हँगरचा आकडा तिच्या भुवईत घुसला. रक्त पुसत ती रडायला लागली, आणि मला तिची दयाही आली आणि तिचा रागही आला.

मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी पक्कड उचलली. "दिवेवाल्याला डोळे असतात, तोंड नसतं," ते म्हणाले आणि पेरावर हाणली. मी निर्मात्याकडे गेले. तो म्हणाला, "दादा भूमिकेत शिरतो, त्याला काय करणार? लोक त्यासाठीच तिकीट काढतात." हे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ते, पण इथे तोंड दाबायला सगळी कंपनी होती.

ताईंनी स्वतः दादाला गाठलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "अंधारात अंदाज चुकतो हो, ताई."

मग ताईंना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. त्या बाजूने प्रॉम्प्टर बोलला की त्या गप्प उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी तपासलं. रंगपटात आम्ही दोघीच असताना ताईंनी मला सांगितलं, "कानात भोक पडलंय. भरून येईल म्हणतात. पण भरायच्या आत आणखी एक बसली, तर हा कान गेला."

"मग उद्या उभ्या राहू नका."

"निर्माता म्हणतो, तिकिटं गेलीत. नाहीतर दुसरी बाई बघतो. दुसरी येईल गं, मिळेलही. तिलाही दोन कान असतील."

नेमकं त्याच संध्याकाळी वरच्या पाइपवरून स्पॉटचा एक तापलेला दिवा निसटला. मास्तरांनी तो उघड्या हाताने झेलला. कातडी पत्र्याला चिकटून निघाली. ते ओरडले नाहीत, फक्त मला शिव्या देत राहिले, जणू हात माझाच भाजला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला डिमरवर मला बसवायचं ठरलं. मास्तर हाताला पट्टी बांधून खाली बसणार होते आणि माझा पट्टा प्रॉम्प्टरकडे गेला.

प्रयोगाआधी मी ताईंकडे गेले. "आज लाल दिवा लागला तरी मी अंधार करणार नाही."

त्या काजळ घालत होत्या. आरशातूनच माझ्याकडे बघत राहिल्या. "तो उजेडात भित्रा आहे," त्या म्हणाल्या. "चार माणसं बघत असली की त्याच्याइतका सज्जन कुणी नाही. ठेव चालू." मग म्हणाल्या, "मास्तर मारतील तुला."

"त्याची सवय आहे."

केबिन प्रेक्षागृहाच्या मागे, वर होती. समोर काच, खाली लोकांची डोकी, आणि बाहेरचा आवाज आत ऐकवणारा एक छोटा स्पीकर. मी आतून कडी लावली. नाटक मजेत चाललं होतं, लोक हसत होते, आणि माझ्या तळहाताच्या घामाने डिमरचा मुख्य दांडा बुळबुळीत झाला होता. शेवटचा प्रवेश आला. दादाने आवाज चढवला. ताई टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. त्याचा हात वर गेला आणि केबिनमध्ये लाल दिवा लागला.

मी दांड्याला हात लावला नाही.

आम्ही दोघींनी सगळा विचार केला होता, फक्त पट्ट्याचा केला नव्हता. प्रॉम्प्टर पुस्तकात डोकं घालून उभा. त्याने बटण दाबलं आणि सवयीने लगेच पट्टा हाणला. फाट्! लख्ख उजेड, दादाचा हात अजून डोक्याच्या वर, ताई दोन पावलं लांब, आणि थपडेचा आवाज होऊनही गेला. मागच्या रांगांत कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळं थिएटर हसलं.

दादाने मान वर करून माझ्या काचेकडे पाहिलं. हजार माणसं त्याला हसत होती. भित्रा माणूस हसणाऱ्या लोकांना जास्त भितो, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. त्याने ती दोन पावलं टाकली आणि मारलं. तळहाताने नाही, मनगटाच्या हाडाने, कानावर. ताईंचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि त्या खाली पडल्या. कानातून रक्ताची धार निघाली आणि आत्याने शिवलेल्या त्या उंच कॉलरमध्ये मुरायला लागली.

हसू थांबलं. मग टाळ्या सुरू झाल्या. एक माणूस उभा राहिला, मग रांगच्या रांग. "वा! काय काम केलंय!" माझ्या काचेखाली एक गृहस्थ ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काचेवर मुठी आपटल्या. "खरं आहे ते! खरं मारलंय त्याने!" मी ओरडले. काच जाड होती. लाल दिवा वेड्यासारखा उघडझाप करत होता आणि दारावर मास्तरांच्या लाथा बसत होत्या.

दादा टाळ्यांनी शांत झाला. त्याने किंचित मान तुकवली आणि बसवलेल्या जागी, खिडकीशी, पाठमोरा जाऊन उभा राहिला.

ताई आधी गुडघ्यांवर आल्या. मग टेबलाला धरून उठल्या. तिथे एक तिपाई होती, जुन्या लाकडाची, चांगली जड. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, चालत गेल्या आणि त्याच्या पाठीत घातली. तो भिंतीवर आदळला आणि कॅनव्हासची भिंत फाटली. तो वळला, त्याने हात आडवा धरला, तर दुसरा घाव त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला नाही, पण हात कोपराच्या खाली नको तिथे वाकलेला दिसला. तिसरा घाव जबड्यावर. तोंडातून रक्त आणि दात गाळत तो आपल्या खऱ्या, चिरक्या आवाजात किंचाळला, "पडदा! अरे पडदा टाका!"

प्रॉम्प्टर पडद्याच्या दोरीकडे धावला. तिथे माझी आत्या होती. तिने दोरी मनगटाला गुंडाळली आणि खाली बसली. त्याने तिचे केस धरून ओढले. तिने त्याच्या हाताला चावा घेतला आणि सोडला नाही. जन्मभर "असू द्या" म्हणणाऱ्या त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा काही असू दिलं नव्हतं. हे मला नंतर कळलं; त्या वेळी वरून मला एवढंच दिसत होतं की पडदा पडत नाहीये.

माझी कडी तुटली. मास्तर आत आले आणि चांगल्या हाताने त्यांनी माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. मी दांड्यावर पालथी पडले आणि त्याला मिठी मारली. ते पाठीत मारत राहिले, पट्टी बांधलेल्या हातानेसुद्धा, स्वतःच कण्हत. "अंधार कर! फ्यूज, अंधार कर!" मी दांडा सोडला नाही. एकही दिवा विझला नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग लोक स्टेजवर चढले. तिघांनी ताईंचे हात मागे पिरगाळले. एकाने दादाला पाणी पाजलं, एकाने त्याच्या मानेखाली आपला कोट ठेवला. "दादा, फार लागलं का?" असं किती जणांनी विचारलं. ताईंच्या कानातलं रक्त कमरेपर्यंत आलं होतं. त्यांना कुणीही काही विचारलं नाही.

इस्पितळात मी ताईंच्या शेजारी बसले. माझ्या ओठाला टाके होते, समोर आत्या मनगटाला मलम लावून बसली होती, आणि दाराशी एक पोलीस उभा होता. दिवसभराचं सगळं बोलून झालं होतं. डॉक्टर कान बघून गेले होते. डावा कान गेला होता, कायमचा.

ताई छताकडे बघत म्हणाल्या, "पडल्यापासून नुसती शिट्टी वाजत होती गं डोक्यात. काही कळत नव्हतं. मी त्याला हाणत होते ना, तेव्हा मला वाटत होतं, टाळ्या अजून चालूच आहेत. मला वाटलं, लोकांना कळलंय. कधी थांबल्या त्या?"

मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी यायला हवं होतं.

"तुम्ही तिपाई उचललीत तेव्हा," मी खाली बघत पुटपुटले.

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाल्या, "मोठ्याने बोल ना, पोरी." मग मला ते पुन्हा सांगावं लागलं, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.