न आवडणारं काम

मास्तरांनी चाळीस वर्षं गावाला इंग्रजी शिकवलं, आता घरात सुनेला शिकवत होते. सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिची कंबर पार कामातून गेली होती. तिथली सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. ती मिळाली तर उचलणं सुटणार होतं, पण शुक्रवारी मुलाखत होती आणि तीही इंग्रजीतून.

"लाइकच्या मागून येणाऱ्या कामाला 'इंग' लाव. हं, म्हण."

"आय लाइक फोल्डिंग शीट्स."

"शाब्बास. आता न आवडणारं सांग."

"पोटासाठी करायचं ते काम, बाबा. त्यात कसली आलीय आवडनिवड?"

"अगं, विचारतातच ते."

शेवटी मास्तरांनीच वाक्य दिलं, 'आय डिसलाइक वेस्टिंग टाइम.' वेळ वाया घालवणं आवडत नाही म्हटलं की कुणाला बोचत नाही. सुनेने भांडी घासता घासता ते घोकून पाठ केलं.

शुक्रवारी ती आली ती थेट खुर्चीतच टेकली.

"विचारलं का?"

"मॅट्रनबाईंनी विचारलं. पण त्यांच्या मागच्या खिडकीतून आमची नवी मुलगी दिसत होती, उघड्या हातांनी वॉर्डातल्या चादरी मोजताना. माझ्या तोंडून गेलं, आय हेट काउंटिंग डर्टी शीट्स विदाउट ग्लव्ज."

मास्तरांनी ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. वाक्यात एकही चूक नव्हती. एखादी असती तर बाईंना निदान नीट कळलं नसतं.

"हेट कशाला? डोन्ट लाइक म्हणायचंस."

"डोन्ट लाइक मला दुधावरची साय, बाबा. याची चीड येते."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सकाळपासून चौघीजणी येऊन गेल्या आणि चौघींनाही वेळ वाया घालवणं आवडत नाही. तुम्हा सगळ्यांना एकच मास्तर होते का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्या चौघीही त्यांच्याच वर्गात शिकल्या होत्या.

"आणि जागेचं?"

"मिळाली. सोमवारपासून सगळी पाळी माझ्या हाताखाली. हातमोज्यांचा अर्जही मीच करायचाय."

मास्तरांनी कागद घेऊन 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहिलं आणि थांबले. मग कागद, पेन दोन्ही तिच्यापुढे सरकवलं.

"तूच लिही," ते म्हणाले, "मी नुसतं स्पेलिंग बघतो."