न वाचलेला शेवट

शितावरून भाताची परीक्षा हा मावशीचा व्यवसायच होता. प्रकाशनसंस्थेत येणारी हस्तलिखितं ती सुरुवातीची काही पानं वाचून निकालात काढायची. तिचा अंदाज कधी चुकत नाही, असं सगळे म्हणत. हळूहळू तिलाही ते पटलं होतं.

परीक्षेपुरती राहायला आलेल्या भाचीनं, चिमणीनं, एक कादंबरी हातात ठेवली, तेव्हाही मावशीनं तीच मोजपट्टी लावली. चिमणीच्या वयाच्या पोरींनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक. घर सोडू पाहणारी नायिका, तिला संदेश पाठवणारा कुणी अनोळखी आणि पानोपानी चंद्र. निघायचा विचार पक्का होतो तेव्हा नायिका खोलीतला आरसा भिंतीकडे वळवून ठेवते. एवढा गाजावाजा तो याचा? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खट्टू होऊन मावशीनं निम्म्यातच पुस्तक मिटलं आणि रद्दीवर ठेवलं.

"वाचलंस?" सकाळी चिमणीनं विचारलं.

"वाचलं बाई. त्या चंद्राला एखाद दिवस सुट्टी तरी द्यायची!"

चिमणी हसली नाही. "थट्टा नको ना, मावशी. शेवटापर्यंत वाचलंस?"

"वाचलं की." लेखकांच्या तोंडावर मारून मारून ही थाप आता गुळगुळीत झाली होती.

"मग? पटला शेवट?"

"त्यात पटायचं काय? जाते तर जाऊ दे. माझी ना नाही."

दूरच्या घरातला दिवा मालवावा, तसं चिमणीच्या डोळ्यांत काहीतरी मालवलं. "बरं," ती म्हणाली. उठताना तिनं मावशीच्या खांद्यावर क्षणभर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायची तशी.

संध्याकाळी मावशी कामावरून परतली, तेव्हा घर श्वास रोखून बसल्यासारखं होतं. चिमणीच्या खोलीचं दार सताड उघडं. अंथरुणाची घडी नीट घातलेली. आणि आरसा भिंतीकडे तोंड करून उभा. त्याचा पाठचा तपकिरी पुठ्ठा तेवढा खोलीकडे पाहत होता.

चिमणीचा फोन बंद होता.

मावशीनं रद्दीवरचं पुस्तक ओढलं आणि शेवटचं प्रकरण उघडलं. कित्येक वर्षांत प्रथमच ती एकही ओळ न गाळता वाचत होती. निघण्याआधी नायिका घरातल्या एकाच माणसाला आपली हकिगत सांगते, दुसऱ्याच कुणा मुलीची म्हणून, आणि विचारते, शेवट पटला का? ते माणूस 'नको जाऊस' म्हणालं, तर ती थांबणार असते. ते म्हणतं, जाऊ दे. मग दिवेलागणीला ती जुन्या पुलापलीकडे जाते. तिथे एक गाडी उभी असते. गाडीत कोण, हे लेखिकेनं लिहिलेलंच नव्हतं. पुढचं पान कोरं होतं.

या शहरातला जुना पूल खिडकीतून दिसत असे. मावशीनं तिकडे पाहिलं मात्र, आणि ती अनवाणीच जिना उतरली. "चिमणे!" रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. "नाही पटला गं शेवट! नको जाऊस!"

ती धावत होती. तिच्या डोक्यावरून रस्त्याचे दिवे एकेक करत पुलाच्या दिशेनं लागत चालले होते, तिच्यापेक्षा थोडे भरभर.