चकाचक आणि खरखर

आमच्याकडे जुनी गाणी लावणारी दोन रेडिओ स्टेशनं ऐकू येतात. त्यांना चांगली नावं आहेत, पण मी एकाला चकाचक म्हणते आणि दुसऱ्याला खरखर. चकाचकचा आवाज कसा स्वच्छ, धुतल्यासारखा. खरखरचा मनोरा बहुधा त्यांच्या गाण्यांहून जुना असावा, कारण जरा वारा सुटला की निवेदक बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. तरीही मी सांगते, चकाचक हे रेडिओ स्टेशनच नव्हे, तो खाटीकखाना आहे. ज्याला पटत नसेल त्याने माझ्यासमोर येऊन बसावं. मी अख्खी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली, भांडण मला नवं नाही.

हे सगळं माझ्या धाकट्यापायी सुरू झालं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. सत्तरीला टेकलाय, पण मला धाकटाच. तरुणपणी तो रेकॉर्डिंगला ॲकॉर्डियन वाजवायचा. गाणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर यायचं, चाल लावणाऱ्याचं यायचं, वाजवणाऱ्यांना चहा मिळायचा. पण एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक त्याच्या एकट्याचं होतं. तेवढा वेळ बाकीचे सगळे वादक हात बांधून बसले होते, असं तो सांगायचा. ते गाणं आजही शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. धाकट्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, आणि कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, माझा तो तुकडा आहे ना.

आता त्याच्या किडन्या बसल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी डायलिसिस. रक्त एका नळीने बाहेर जातं, मशीनमधून धुऊन दुसऱ्या नळीने परत येतं, आणि ते होईपर्यंत डावा हात न हलवता खुर्चीत पडून राहायचं. नातेवाइकांनी आत बसायचं नाही असा नियम आहे. मी पहिल्याच दिवशी स्टूल घेऊन आत बसले, ती बसलेच. सिस्टर दोनदा ओरडली, मग तिच्या लक्षात आलं की मी असले की पेशंट कुरकुर करत नाहीत. तेव्हापासून तीच स्टूल आणून ठेवते.

त्या खोलीत छताला स्पीकर आहे आणि त्यावर दिवसभर चकाचक. सुरुवातीला मलाही बरं वाटलं. सगळी ओळखीची गाणी, पलीकडच्या खुर्चीतला टॅक्सीवाला पाय हलवायचा, समोरच्या बँकवाल्या बाई डोळे मिटून ओठ हलवायच्या. मग एका मंगळवारी ते गाणं लागलं. मी धाकट्याला कोपराने ढोसलं. पहिलं कडवं संपलं, आता याचा भाता उघडणार म्हणून मी कान टवकारले, तर थेट मुखड्याची शेवटची ओळ आणि तिच्या शेपटीला कानाच्या मशीनची जाहिरात. म्युझिक गायब, दुसरं कडवं गायब. मला वाटलं, तार निखळली. गुरुवारी त्याच सुमाराला पुन्हा तेच गाणं, पुन्हा तिथेच कापलेलं. शनिवारीही तेच. धाकटा छताकडे बघत पडून होता.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यानंतर मी जाणार नाही."

कुठे, असं मी विचारलं, जणू मला कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं की हे थांबवलं तर माणूस फार तर दोन-तीन आठवडे काढतो. मी ताट बाजूला सारलं आणि त्याला वाट्टेल ते बोलले. मला रडू येण्याआधी राग येतो, त्याला मी काय करू. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आयुष्यात एकच गोष्ट धड केली. तीही यांनी कापून टाकली आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. मग मी खुर्ची कशाला अडवू?"

मी म्हटलं, कानात घालून तुझं तू ऐक ना. तर म्हणतो, एकट्याने ऐकायला मी ते वाजवलं नव्हतं. खरखरवर ते गाणं पूर्ण लागतं हे त्याला माहीत होतं. महिन्यापूर्वी घरी लागलं होतं, तेव्हा मी नेमकी दारात दूधवाल्याशी भांडत होते. आत आले तर स्वारी खुशीत, त्या दिवशी जेवणात मीठ नाही म्हणून तोंड वाकडं केलं नाही. म्हणजे इलाज सोपा होता. छतावरचं स्टेशन बदलायचं.

पण मोघम तक्रार घेऊन जाणाऱ्यातली मी नाही. मी शेजारणीचा रेडिओ मागून आणला. ओट्याच्या एका टोकाला चकाचक, दुसऱ्या टोकाला खरखर, मध्ये मी भाजी चिरत. दोन दिवस दोन्हींच्या मागे हात धुऊन लागले. चकाचकचा सकाळचा कार्यक्रम वेगळ्या नावाचा, दुपारचा वेगळ्या नावाचा, संध्याकाळचा आणखी वेगळ्या, आणि गाणी तीच. कालच्या साडेदहाला जे, तेच आजच्या साडेदहाला. तिथे माणूस नाहीच, कॉम्प्युटर बसवलाय, आणि मधून मधून एक मुलगी येऊन हसते. का हसते ते सांगत नाही. गाण्याच्या आधीचं म्युझिक तिच्या बोलण्याखाली, मधलं कात्रीखाली, आणि दुसरं कडवं म्हणजे सावत्र पोर, त्याला घरात घेतच नाहीत.

खरखरवर एक म्हातारा आहे. सकाळी तो श्रोत्यांची पत्रं वाचतो आणि अर्ध्यात त्याचा चष्मा हरवतो. दुपारी एकाच गायकाची गाणी. मग कुणालाच आठवत नाहीत अशा गाण्यांचा कार्यक्रम, आणि खरं सांगते, त्यातली काही का आठवत नाहीत ते ऐकल्यावर कळतं. एकदा तर त्या बाबाने एक रेकॉर्ड जाहीर केली, दुसरीच वाजवली, आणि संपल्यावर म्हणाला, असो, हीसुद्धा बरी होती. पण गाणं सुरू झालं की शेवटच्या ठोक्यापर्यंत तो मध्ये पडत नाही. वाजवणाऱ्यांची नावं माहीत असतील तर तीही सांगतो, आणि नसतील तर माहीत नाहीत म्हणून माफी मागतो. मी कांदा चिरत होते, म्हणून डोळे भरले असं समजा.

मंगळवारी सेंटरच्या मॅनेजरपुढे मी हे सगळं मांडलं. तो तरुण, गोड बोलणारा. त्याने मला आजी म्हटलं, तिथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याचं म्हणणं असं की स्टेशन वरच्या ऑफिसने ठरवलंय, आवाज स्वच्छ आहे, पेशंटना ओळखीची गाणी ऐकली की शांत वाटतं, आणि खरखरीमुळे मशीनचा अलार्म ऐकू आला नाही तर जबाबदार कोण. मी म्हटलं, अलार्म तर बाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू जातो. तो हसला आणि सूचनापेटी दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी चकाचकलाच फोन लावला. तिथल्या बाईने फार प्रेमाने समजावलं की गाण्यात कुणी गात नसेल तर लोक स्टेशन बदलतात, पाहणीत तसं दिसलंय. मी विचारलं, पाहणीत मला का नाही विचारलं? तिने माझं वय विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाली की त्या वयापर्यंत आम्ही विचारत नाही.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिकडे धाकट्याने कपाटातले कपडे आवरायला काढले होते. कोणते कुणाला द्यायचे ते मला सांगत होता, जसा काही गावाला निघालाय. बुधवारभर मी त्याच्याशी बोलले नाही. ओट्याशी उभी राहून दोन्ही रेडिओंकडे बघत होते, आणि तेव्हा मला सुचलं. तो मेला कॉम्प्युटर कधीच चुकत नाही. ते गाणं कधी लागणार आणि कुठे कापणार हे मला आधीच माहीत होतं.

गुरुवारी धाकट्याला आधी आत घेतलं. बाकीचे वजन करून घ्यायला बाहेर रांगेत थांबले होते. मी टॅक्सीवाल्याला, बँकवाल्या बाईंना आणि आणखी जे जवळ होते त्यांना गोळा केलं आणि काय प्रकार आहे तो स्वच्छ सांगितला. त्या गाण्यातलं ते मधलं म्युझिक आत पडलेल्या या माणसाने वाजवलंय, आणि शनिवारनंतर तो यायचं बंद करणार आहे. यायचं बंद करणं म्हणजे काय ते त्या रांगेत कुणालाच समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या मनात ते येऊन गेलेलं असतं. बँकवाल्या बाईंनी एवढंच विचारलं, म्हणायचं काय? मी त्यांना ते म्युझिक गुणगुणून दाखवलं. पां पपां करत, दोनदा, तीनदा. टॅक्सीवाल्याचा आवाज भसाडा, पण त्याने लगेच उचललं.

आत सगळे आपापल्या खुर्चीत पडले, सुया टोचल्या, मशीनं सुरू झाली. मी सिस्टरच्या कानात सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, मला यातलं काही माहीत नाही, आणि स्पीकरच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली.

गाणं लागलं. पहिलं कडवं संपलं. सिस्टरने आवाज पार खाली नेला आणि आम्ही सुरू झालो. आधी मी, मग टॅक्सीवाला, मग सगळी खोली. हात बांधलेली, नळ्या लावलेली, पाण्याचे घोट मोजून पिणारी माणसं छताकडे तोंड करून जोरजोरात पां पपां करत होती. कुणी पुढे, कुणी मागे. मला वाटलं, कापा आता. या माणसांना कुठे कात्री लावता ते बघते. मी आणखी मोठ्याने म्हणायला लागले.

"थांबा."

धाकटा होता. मान उचलून माझ्याकडे बघत होता, आणि चेहरा रागाने लाल. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडावर एवढा रंग मी पाहिला नव्हता.

"ताई, हे काय म्हणतेयस?"

तुझं म्युझिक, मी म्हटलं.

"हे माझं नाही. हे व्हायोलिनवाल्यांचं आहे. पहिल्या कडव्याच्या आधीचं. मी दुसऱ्याच्या आधी वाजवलंय. एवढी वर्षं तू माझी बहीण आहेस आणि तुला माझा तुकडा माहीत नाही?"

खरंच मला माहीत नव्हता. व्हायोलिनचं सोपं होतं, तोंडात बसलं होतं, आणि मी सगळ्या जगाला सांगत फिरले होते की हे माझ्या भावाने वाजवलंय. टॅक्सीवाला खो खो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला.

"हसू नका," धाकटा म्हणाला. "तुम्ही तर सगळ्यात वर चढवून म्हणत होतात. ऐका."

आणि त्याने म्हणून दाखवलं. आवाज बारीक, श्वास पुरत नव्हता, पण डावा हात जागचा न हलवता त्याच्या उजव्या हाताची बोटं पांघरुणावर चालायला लागली. अशी चालायला लागली की मी बघतच राहिले. एक जागा आली तिथे तो थांबला, मागे आला, पुन्हा म्हणाला. इथे दम धरायचा, म्हणाला, इथेच सगळे घाई करतात. बँकवाल्या बाईंनी त्याच्यामागून म्हटलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि त्यांच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं. टॅक्सीवाल्याकडून घेतलं. तोपर्यंत त्याचं बीपी चढून मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली आणि त्याच्यावर खेकसली की गप पडा. तो काही गप पडला नाही.

तो आवाज ऐकून मॅनेजर आला. स्पीकर बंद, खोलीभर पां पपां, आणि मध्यभागी स्टुलावर मी. हा कुणाचा उद्योग ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याचा गोडवा पार उतरला होता. हे हॉस्पिटल आहे, तमाशा नाही, म्हणाला. नियम सगळ्यांना सारखे, नातेवाइकांनी आत बसायचं नाही म्हणजे नाही, शनिवारपासून तुम्ही बाहेर. मी पदर खोचला. त्याला सांगायच्या सगळ्या गोष्टी माझ्या जिभेवर तयार होत्या, आजी म्हटल्यापासूनच्या.

पण धाकटा माझ्याआधी बोलला.

"बरोबर आहे साहेब, हिला बाहेरच बसवा. कान नाही हिला. या बाकीच्यांना शनिवारी मी नीट शिकवतो. आणि पुढच्या मंगळवारपर्यंत यांचं बसणार नाही, तेव्हा तुमचं ते स्टेशन राहू दे चालू, आम्हाला कापलेल्या जागेवर म्हणायची सवय व्हायला हवी."

पुढचा मंगळवार. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, टॅक्सीवाल्याला बोटांनी ताल दाखवत होता.

मी स्टूल उचललं आणि बाहेर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बाहेर काढलं आणि मी एका शब्दाने भांडले नाही.