पोफळीला फांदी नसते

‘काठाला घाल रे, खाली नको. खाली जाळ लागतो, नाव चाटून नेईल.’

मित्रांनो, हा आवाज ऐकून ऐंशी वर्षं होऊन गेली. आवाज फखरुन्निसाचा. समोर तांबट बसला होता, त्याच्या मांडीवर मी उपडा होतो आणि त्याच्या हातात बारीक छिन्नी होती. टिकटिक करत त्याने माझ्या काठाखाली ठिपक्यांचं एक नाव घातलं. मुंग्यांची रांग चालावी तसं ते दिसत होतं. नाव होतं ‘मरियम’.

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. वीस माणसांचा भात माझ्यात सुखाने शिजतो. आज मी कुवेतमध्ये सलवा भागातल्या तिसऱ्या मजल्यावर, वॉशिंग मशीनच्या शेजारी राहतो. पण माझं घर श्रीवर्धनजवळच्या एका सुपारीच्या वाडीत होतं.

त्या घराची गंमत ऐका. माणसं आधी घर बांधतात आणि मग झाडं लावतात. फखरुन्निसाचा नवरा दाऊद याने उलटं केलं. त्याने आधी पोफळी लावल्या, पाट खणले, विहिरीवर रहाट बसवला. सात वर्षं नवराबायको झावळ्यांच्या खोपीत राहिली. पहिली सुपारी उतरली तेव्हा कुठे जांभ्याच्या चिऱ्याचं घर उभं राहिलं. म्हणून फखरुन्निसा म्हणायची, ‘आम्ही घरात राहत नाय. आम्ही वाडीच्या पोटात राहतो.’

तिला पहिली मुलगी झाली आणि अकिक्याच्या, म्हणजे नाव ठेवायच्या दिवसाच्या जेवणासाठी मला घडवलं गेलं. त्या दिवशी तिने एक रीत घालून दिली. घरात मुलगी जन्मली की तिचं नाव माझ्यावर घालायचं. दाऊदने विचारलं, ‘आणि मुलगा झाला तर?’ ती म्हणाली, ‘मुलग्यांची नावं तलाठी लिहितो. मुलींची तांबट लिहील.’

मरियम चार वर्षांची होऊन तापाने गेली. तिच्या नावाखाली दोन वर्षांनी दुसरी रांग चालली, ‘बिल्कीस’. मग मुलगा झाला, रशीद. तो माझ्यावर नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बिल्कीस पाटाच्या पाण्यात वाढली. शिंपण्याच्या वेळी पाट फोडायचा, एका पोफळीचं पाणी दुसरीकडे वळवायचं, हे काम तिचं. रशीद सावलीत बसायचा, ही चिखलात. तिचं लग्न झालं तेव्हा गोड भात माझ्यातच शिजला. फखरुन्निसा ढवळत होती आणि हळूच गात होती,

पोफळीच्या वाडीमधी पाणी धावतं पाटानं
लेक निघाली सासरी, तिची सावली काठानं.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस. दरवर्षी कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर, कथलाची चमक, कापसाचा बोळा फिरला की माझं पोट चांदीसारखं व्हायचं. मग फखरुन्निसा गेली. घरात गॅस आला, हलकी भांडी आली. रशीदला दोन मुलगे झाले, मुझफ्फर आणि अशरफ. मुलगी नाही, म्हणून तांबटही पुन्हा आला नाही. मला माळ्यावर सुपारीच्या पोत्यांमागे ढकललं. वीस वर्षं मी उंदरांची पिल्लं सांभाळली.

रशीद गेल्यावर मुझफ्फर मला भंगारात देणार होता. अशरफची बायको नूरजहाँ कुवेतहून सुट्टीत गावी आली होती, तिने अडवलं. चादरीत गुंडाळून, पोटात आमसुलं आणि सुका जवळा भरून ती मला विमानाने घेऊन आली. कुवेतच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला टिचकी मारून विचारलं, ‘शिनू हादा?’ म्हणजे हे काय आहे? नूरजहाँने घाबरून एकच शब्द उच्चारला, ‘बिर्याणी.’ तो हसला आणि मी परदेशी झालो. इथल्या जुन्या बाजारात एका इराणी म्हाताऱ्याने मला पुन्हा कल्हई केली. तेव्हा कुठे माझ्यावरची नावं उजळली.

ती नावं वाचली अशरफच्या मुलीने, अकरा वर्षांच्या युसराने. शाळेत ती हिंदी शिकते. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत तिने वाचलं. ‘अम्मी, हू इज मरियम?’

नूरजहाँला ठाऊक नव्हतं. अशरफलाही नव्हतं. इथल्या जहरा शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो हजार वस्तूंचे नंबर तोंडपाठ सांगतो, पण स्वतःच्या मोठ्या आत्याचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावाहून मुझफ्फरचा कागद आला. वाडी अजून दाऊदच्याच नावावर होती. ती वारसांच्या नावावर करायची तर वंशावळ जोडावी लागते. मुझफ्फरने ती लिहून पाठवली होती. दाऊद, त्याखाली रशीद, त्याखाली मुझफ्फर आणि अशरफ. सोबत दुसरा कागद होता, हक्कसोडीचा. त्यावर बिल्कीसची सही हवी होती. बिल्कीस आता पंचाहत्तरीची आहे. इथेच कुवेतमध्ये, सबाह अल-सालेमला मुलाकडे, तौफीककडे राहते.

युसराने कागद हातात घेतला. ‘अब्बा, हे ट्री नाहीये. पोल आहे.’

अशरफ हसला. ‘पोफळ आहे ती. पोफळीला फांदी नसते.’

हसला खरा, पण मी त्याचा चेहरा पाहत होतो. बिल्कीसने सही केली की तिचं नाव त्या वाडीतून कायमचं जाणार होतं. आणि सही मागायचं काम अशरफवर होतं.

शुक्रवारी नमाजनंतर तौफीकने आईला खाली सोडलं. अशरफने तिला जेवायलाच बोलावलं होतं. बिल्कीस धापा टाकत आत आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. मला पाहून थबकली.

‘हा इथं? मुझफ्फर तर म्हणाला, भंगारात गेला.’

‘जाणारच होता,’ नूरजहाँ म्हणाली. ‘मी पळवला.’

‘बरं केलंस. या घराण्यात वस्तू वाचवायची तर पळवावीच लागते.’ मग तिने पदराने माझा काठ पुसला. युसराने मरियमबद्दल विचारलं. बिल्कीस खाली बसली आणि बोलत राहिली. मरियमला तिने पाहिलं नव्हतं, पण विहिरीमागची एक पोफळ आई ‘मरियमची’ म्हणायची, तिला पहिलं पाणी जायचं. युसराने मुझफ्फरची वंशावळ एका चार्टपेपरवर उतरवून घेतली होती, तिथे दाऊदच्या नावाखाली तिने एक नवी रेघ ओढली. तिच्यापुढे ‘मरियम’ लिहिलं. दुसरी रेघ ओढून ती अशरफकडे बघू लागली.

अशरफ पाणी प्यायला. पुन्हा प्यायला. शेवटी फोन वाजला. मुझफ्फर व्हिडिओवर होता, मागे पोफळी हलत होत्या.

‘फुफी, कशी आहेस? अशरफने सांगितलं ना? एक सही आहे फक्त.’

‘अजून तो पाणीच पितोय,’ बिल्कीस म्हणाली.

अशरफ ओशाळला. मुझफ्फर घाईने बोलू लागला. ‘फुफी, मनात काही आणू नको. तीस वर्षं मीच शिंपतोय, वादळात चाळीस झाडं पडली ती मीच पुन्हा लावली. तुकडे झाले तर पाट कुठून जाणार? आणि तू तर नेहमी म्हणतेस, मला काय करायचंय त्या वाडीचं.’

‘म्हणते खरी,’ बिल्कीस म्हणाली.

फोन भिंतीला टेकवून सगळे जेवायला बसले. नूरजहाँने माझ्यातून भात वाढला. बिल्कीसने ताटावर हात आडवा धरला. ‘नको गो, बस.’ नूरजहाँने दुसरा डाव पुढे केला. ‘नको, पोट भरलं.’ तिसऱ्या वेळी बिल्कीसने हात बाजूला घेतला. ‘घाल. थोडाच घाल.’

युसरा आश्चर्याने बघत होती. ‘अम्मी, दादीने नो म्हटलं. ट्वाइस.’

‘अगं, पहिला नको खरा नसतो. मोठ्या माणसांना तीनदा विचारायचं असतं. एकदा विचारून पातेलं उचललं तर त्यांचा अपमान होतो.’

युसराने क्षणभर विचार केला. ‘मग वाडीचं किती वेळा विचारलं?’

ताटातले हात थांबले. फोनमधल्या पोफळी तेवढ्या हलत राहिल्या.

‘एकदाही नाही,’ अशरफ म्हणाला. ‘कुराणात हिस्सा सांगितलेला आहे तिचा, आम्हाला ठाऊक आहे. पण विचारलं कोणीच नाही.’

‘ती कधी बोललीच नाही,’ मुझफ्फर तिकडून पुटपुटला.

मित्रांनो, इथे मला थोडं थांबू द्या. मी भांडं आहे. माझ्यावर घातलेलं नाव मला वाचता येत नाही, ते वाचायला कोणाला तरी काठावर बोट ठेवावं लागतं. तुमच्याही घरात एखादा डबा, एखादी परात माळ्यावर पडलेली असेल. ती खाली काढा, धुवा, तिच्यावरची नावं वाचा. आणि त्या नावाचं माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा. नको म्हणालं तरी उठू नका.

अशरफ ताटावरून उठून बिल्कीससमोर बसला. हक्कसोडीचा कागद त्याने दुमडून खिशात घातला.

‘फुफी, तुला वाडीतला वाटा हवा आहे?’

‘नको रे बाबा.’

‘फुफी, हवा आहे?’

‘नको म्हटलं ना. या वयात मी काय पाणी शेंदणार आहे?’

अशरफने फोनकडे पाहिलं. तिकडून मुझफ्फरचाच आवाज आला.

‘फुफी, मी विचारतो. तिसऱ्यांदा. हवा आहे का तुला?’

बिल्कीसने उष्ट्या हाताकडे पाहिलं. बोटांवरची शितं एकेक करून ताटात काढली.

‘रशीद होता तोवर नाही बोलले. बोलले असते तर वाटा मिळाला असता आणि भाऊ गेला असता. सुट्टीला गेले तर पडवीत कोण उभं राहिलं असतं माझ्यासाठी? म्हणून पन्नास वर्षं नको म्हटलं. इतकं म्हटलं की तुम्हाला खरंच वाटलं.’ ती युसराकडे वळली. दुसरी रेघ अजून मोकळीच होती.

‘पाट तोडू नका. झाडं तोडू नका. मुझफ्फरने शिंपावं, त्यानेच सुपारी उतरवावी. पण मला माझा वाटा हवा आहे. पहिल्यापासून हवा होता.’