न कापलेली पाने

चिंतामणरावांनी सुरी पानांच्या घडीत घातली आणि कापण्याआधीच बाहेर काढली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. मग त्यांनी पुस्तक मिटले, सुरी त्यावर आडवी ठेवली आणि चुलीवरचे आधण बघायला उठले.

दोन भागांची कादंबरी होती. हा दुसरा भाग. त्याची शेवटची सोळा पाने छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच राहिली होती. बाकीचे पुस्तक त्यांनी बारा वर्षांत चार वेळा वाचले होते. ती सोळा पाने मात्र नाहीत. हे कुणाला सांगण्यासारखे नव्हते, आणि जिला सांगता आले असते ती त्यांची बायको उमा आता नव्हती.

त्यांची एक जुनी खोड होती. आवडलेल्या पुस्तकाचा शेवट जवळ आला की ते वाचन थांबवत, टोपी घालून स्टेशनच्या रस्त्याने चक्कर मारत आणि शेवट स्वतःच्या मनाने रचून बघत. परत येऊन उरलेली पाने कापत. छापलेला शेवट आपल्यापेक्षा सरस निघाला की त्यांना हायसे वाटे, आणि जरा वाईटही. कोरेगावच्या मुन्सफ कोर्टात त्यांनी तीस वर्षे नकला करण्याचे काम केले होते. त्यांच्या अक्षराचे साहेबलोकांनीही कौतुक केले. मजकुराच्या कौतुकाचा प्रश्न नव्हता, कारण मजकूर नेहमी दुसऱ्याचा असे. या एका कादंबरीचा रचलेला शेवट मात्र त्यांना स्वतःला आवडून गेला होता. म्हणूनच ती पाने कापायचा धीर होत नव्हता.

आता पुस्तक दुसऱ्याच्या हाती जायचे होते. तो ती पाने कापणारच.

दसऱ्याच्या सुमारास राहीबाईने पहिल्यांदा पुस्तक मागितले होते. ती उसाच्या मळ्यातल्या वस्तीवरून रोज दूध घालायला येई. तिला वाचता येत नव्हते.

"तात्या, एखादं जाडसं पुस्तक द्या की. भाचा आलाय माझा. आजारी हाय. पडून पडून कट्टाळलाय."

"कसलं हवं?"

"मला काय कळतंय? ज्याला लय दिस लागतील आसलं."

चिंतामणरावांनी भाच्याचे नाव विचारले नाही. त्रेचाळीस साल सरत आले होते. धर्मशाळेत हत्यारी पोलिसांचा तळ पडला होता, बेचाळीसपासून फरारी असलेल्यांची नावे चावडीवर लावली होती, आणि रहिमतपुरात हल्ली कुणी कुणाच्या पाहुण्याचे नाव विचारत नसे.

उसन्या दिलेल्या प्रत्येक पुस्तकात ते एक कोरी चिठ्ठी घालत. वाचणाऱ्याने तीवर आपले मत लिहावे, एवढीच अपेक्षा. वीस वर्षांत चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या. एका चिठ्ठीवर कुणीतरी धोब्याच्या कपड्यांचा हिशेब मांडला होता. राहीबाईच्या भाच्याने मात्र पहिल्याच पुस्तकात शिसपेन्सिलीने लिहून पाठवले: 'थोरल्या सुनेचे बोलणे खरे. धाकटीचे पुस्तकी.' दुसऱ्यात: 'लेखकाने नांगर लांबून पाहिला आहे.' तिसऱ्यात नुसते: 'शेवट पटला.' चिंतामणराव त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा काढून वाचत. स्वतःसाठी म्हणून पुस्तक हाती घेतले तरी दहाव्या पानावर त्यांना वाटे, हे त्याला पटेल का?

कादंबरीचा पहिला भाग देऊन आठ दिवस झाले होते. तो वाचून झाल्याचा निरोपही आला होता. राहीबाई रोज दुसरा मागे आणि चिंतामणराव रोज "उद्या देतो" म्हणत.

ते आधण उतरवत असतानाच अंगणात बूट वाजले.

"चिंतामणराव आहेत का?"

फौजदार एकटाच होता. पस्तिशीचा, बारीक चणीचा, चष्मा लावणारा. त्याने बूट बाहेर काढले, टोपी काढून हातात घेतली आणि विचारल्याशिवाय कपाटापुढे जाऊन उभा राहिला. कसर लागू नये म्हणून पुस्तकांत ठेवलेल्या वेखंडाच्या वासाने त्याला शिंक आली.

"तळावर वाचायला काही नाही हो. तुमच्याबद्दल ऐकलं होतं." त्याचे बोट खाकी वेष्टणांवरून, त्यांवरच्या वळणदार आकड्यांवरून सरकत गेले आणि थांबले. "शहाऐंशी. एकोणनव्वद. मधली दोन?"

"अठ्ठ्याऐंशी... इथे आहे. टेबलावर."

फौजदाराने सुरी बाजूला केली आणि पुस्तक उचलले. त्याचा चेहरा एकदम तरुण झाला.

"अरे! हिचा पहिला भाग मी कॉलेजात असताना वाचला होता. तो नदीकाठी उभा राहून नावेला हाक मारतो, तिथे संपतो. दुसरा मिळालाच नाही कधी. आणि पहिला कुठाय तुमचा?"

"हरवला."

"तुमच्याकडून?" फौजदार हसला. "पुस्तकांना आकडे घालणारा माणूस पुस्तक हरवत नाही, चिंतामणराव."

चिंतामणरावांनी पंच्याला हात पुसले. हात कोरडेच होते.

"तुम्ही वाचलीय ना पुरी?"

"चार वेळा."

"मग दोन दिवस नेतो. पहिला भाग वाचून झालेला माणूस काय करतो, माहिताय? वाट बघत बसतो. मी बारा वर्षं बसलोय." त्याने पुस्तक काखेत मारले, दाराशी वाकून बूट चढवले आणि मान वर न करता विचारले, "दूध कुठून येतं तुमच्याकडे? चहा फार चांगला होतो म्हणतात इथला."

"मळ्यातून," चिंतामणराव म्हणाले. तोंडातून निघून गेले. फौजदाराने चहा घेतलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई चरवी घेऊन आली तेव्हा समोरच्या पिंपळाच्या कट्ट्यावर एक अनोळखी माणूस न्हाव्यापुढे बसून दाढी करवून घेत होता. काल संध्याकाळीही त्याची दाढीच चालली होती.

राहीबाईने पायरीवर बसून मापटे भरले.

"आज तरी द्या तात्या दुसरं पुस्तक. माझा जीव खाल्लाय त्यानं. परवाच जायचा व्हता गावाकडं, सगळी तयारी झालती. पर म्हनला, तेवढं वाचूनच जातो. आता बोला! मानूस कशापायी ऱ्हाईल, काय नेम न्हाई."

चिंतामणरावांच्या हातातले पातेले उंबऱ्याला लागून वाजले. कट्ट्यावरच्या माणसाने साबणाच्या फेसातून इकडे बघितले.

परवा. परवा पुस्तक इथेच होते, टेबलावर.

"पुस्तक नाही राहीबाई. दुसऱ्या कुणी नेलं. काल."

"कुनी?"

त्यांनी धर्मशाळेच्या दिशेने नुसते बघितले. राहीबाईचा हात मापट्यावर थांबला. मग तिने चरवी तिरपी केली आणि दूध आणखी बारीक धारेने ओतू लागली. असे ओतले तर एका मापट्याला केवढा तरी वेळ लागे.

"बोला," ती खाली बघून म्हणाली. "मी ऐकतीया."

चिंतामणरावांनी म्हणायचे ते 'त्याला जायला सांगा' एवढे तीन शब्द होते. पण दोन महिने त्या दोघांनी आजारी भाच्याची गोष्ट जपली होती, आणि आता ती मोडायला जीभ उचलेना. कोर्टात कुणी साधा प्रश्न विचारला तरी त्यांना घाम फुटत असे. त्यांना एकच गोष्ट बोलता येण्यासारखी होती.

"त्याला शेवट सांगा," ते म्हणाले. "म्हणजे पुस्तकासाठी अडायला नको."

"सांगा की. ध्यान हाय माझं."

"तो माणूस पुन्हा त्याच नदीकाठी उभा आहे. बारा वर्षांनी परत आलाय. पलीकडे त्याचं घर दिसतंय, दिवा दिसतोय. तो नावेला हाक मारतो."

"हां. मंग?"

"नाव सुटते. अर्ध्यात येते. तेवढ्यात त्याला दिसतं, की नाव वल्हवणारा नेहमीचा तांडेल नाही. दुसराच कुणी आहे. पुढे कंदील धरलाय."

राहीबाईने धार थांबवली. पुन्हा सुरू केली.

"तो नावेची वाट बघत नाही. घर इतकं जवळ दिसत असतानाही नाही. आल्या वाटेनं तसाच मागे फिरतो. अंधार पडायच्या आत."

"घरच्यास्नी भेटत न्हाई?"

"नाही."

"त्यास्नी कळतं तरी का, त्यो आलावता म्हून?"

"सकाळी पायांचे ठसे दिसतात. वाळूत."

"एवढंच?"

"एवढंच."

राहीबाई उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "एवढ्या जाड पुस्तकात एवढंच लिव्हलंय व्हय? भाच्याला सांगते, काय राह्यलं न्हाई वाचायचं." आणि दोन पावले जाऊन ती मागे वळली, कट्ट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं तात्या, पातेलं झाका. मांजर हाय!"

न्हावी हसला. अनोळखी माणूस हसला नाही. राहीबाई वळणावरून दिसेनाशी झाली तसा त्याने तोंड पुसले आणि उठला. अर्धी दाढी तशीच होती.

तो दिवस चिंतामणरावांनी कपाटाची पुस्तके काढून पुसण्यात घालवला. शहाऐंशीनंतरची फट त्यांनी पुस्तके सारून बुजवली, आणि मग त्यांना ते खोटे वाटले म्हणून पुन्हा मोकळी केली.

पुढच्या सकाळी दूध आले नाही. पातेले उंबऱ्यावर ठेवून ते दहापर्यंत बसले. कट्टाही रिकामा होता. अकराच्या सुमारास शेजारच्या साळूबाई पाण्याची घागर कमरेवर घेऊन जाताना थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या, "मळ्यात पहाटं पोलीस शिरलं म्हनं. राहीबाईला चावडीत बसवलीया."

"आणि... भाचा?"

"कुनाचा भाचा?" साळूबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

फौजदार दुपारी आला. आज त्याने बूट काढले नाहीत. त्याने टेबलावर दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. दोन्हींची वेष्टणे एकाच हाताने घातलेली, दोन्हींवरचे आकडे एकाच अक्षरातले.

"तुमचा पहिला भाग सापडला."

चिंतामणराव उभेच होते.

"गोठ्यात, कडब्याखाली. अंथरूण तिथेच होतं. माणूस काल दुपारीच गेला असावा. ती बाई काही बोलत नाही. पुस्तक कुठलं विचारलं, तर म्हणते, वाटंला गावलं." फौजदार खुर्चीवर बसला. "तुमचं हरवलं, तिला गावलं. जुळतंय. तुम्ही तसं लिहून दिलंत तर मी घेईन. मग ती चोर तरी ठरेल, नाहीतर फरारी माणूस ठेवणारी. ते आमचं आम्ही बघू. तुम्हाला त्रास नाही."

त्याने पहिल्या भागातून चिठ्ठी काढून पुढे सरकवली. शिसपेन्सिलीचे तेच अक्षर होते, फक्त घाईचे.

'शेवट पटला नाही. तरी निघतो.'

चिंतामणरावांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले.

"मला एक कळत नाही," फौजदार म्हणाला. "त्याच्याकडे पहिला भाग. दुसरा माझ्या उशाशी. मग शेवट त्याला कुणी सांगितला? म्हणून मी आज सकाळी शेवटाकडे गेलो. तर पाने जोडलेलीच." त्याने दुसरा भाग उघडून ती सोळा पाने अंगठ्याने दाबून दाखवली. "मी कापली नाहीत. दुसऱ्याचं पुस्तक. पण तुम्ही तर म्हणालात, चार वेळा वाचलंय."

बाहेर पातेल्यावरचे झाकण वाऱ्याने हलले.

"तुम्हाला शेवट माहीत नाही, चिंतामणराव. तेव्हा तुम्ही सांगणं शक्य नाही. हेही जुळतंय. एवढं लिहून द्या आणि मोकळे व्हा." त्याने खिशातून कोरा कागद काढला, घडी उलगडली. आवाज खरोखरच मायेचा होता. "तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

चिंतामणरावांनी कागदाकडे बघितले. टाक दौतीत बुडवला, आणि तीस वर्षांच्या सवयीने समास सोडला. मग मजकुरासाठी त्यांनी फौजदाराकडे बघितले, आणि फौजदार सांगू लागला.

"लिहा. सदर पुस्तक माझ्याकडून..."

टाक कागदावर टेकला नाही. त्यांनी तो हलकेच दौतीत परत ठेवला.

"राहीबाईला वाचता येत नाही," ते म्हणाले. "तिने फक्त मी बोललो ते नेऊन सांगितलं. तो शेवट माझा आहे."

"काय म्हणालात?"

"माझा आहे. मी रचलेला."

फौजदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जणू समोरचा माणूस त्याने आत्ताच पाहिला होता.

"कोट घाला," तो म्हणाला.

चिंतामणरावांनी कोट घातला, टोपी घातली. दाराला कडी लावण्याआधी ते परत आत गेले आणि टेबलावरचा दुसरा भाग घेऊन आले. सुरीही घेतली होती. फौजदाराने तिच्याकडे बघितले तशी त्यांनी ती मुकाट्याने कोनाड्यात ठेवली.

वाटेत पिंपळाच्या कट्ट्यावर न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसला होता. त्याने मान खाली घातली. फौजदार दोन पावले पुढे चालला होता आणि चिंतामणराव पुस्तक छातीशी धरून मागून जात होते. चावडी जवळ आली तरी त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. का पटला नाही, हे त्याने लिहायला हवे होते.