तिने ठरवलेलं कार्ड

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती नव्या ग्राफिक्स कार्डाबद्दलच बोलत होती. निदान नवऱ्याला तसं वाटतं. तो स्वयंपाकघरात भांडी पुसत होता, ती कामाच्या खोलीतून काहीतरी सांगत होती आणि वाक्य मधेच थांबलं. "काय म्हणालीस?" असं विचारत तो आत गेला, तर ती खुर्चीवरून खाली घसरली होती.

तिचं काम घरं काढण्याचं. म्हणजे अजून न बांधलेली घरं. तिला नकाशे यायचे आणि त्यांवरून ती संगणकात अख्खं घर उभं करायची. जिना, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, टेबलावर कुणीतरी विसरलेला चष्मा. माउस फिरवला की घरभर हिंडता यायचं. नवरा गाडी शिकवायचा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. संगणकातलं त्याला एवढंच कळायचं, की तो चालू असताना बायकोला हाक मारायची नाही.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. सुरुवातीला भलतेसलते शब्द यायचे. मग तेही आटले आणि एकच उरला, पंखा. चहा हवा असला तरी पंखा, मुलीचा फोन आला तरी पंखा. आणि कधीकधी खरोखर पंखाच हवा असायचा, ही खरी पंचाईत. मान हो म्हणायची आणि डोळे नाही म्हणायचे. समजत मात्र तिला सगळं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला ते जास्त लागलं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "यांना यांच्या कामापाशी बसवून बघा. सवयीचं काम समोर आलं की माणूस कधीकधी आपणहून वाटेला लागतं."

त्याने तिला संगणकापुढे बसवलं. पडद्यावर हिरवे पट्टे उमटले, थरथरले आणि पडदा काळा झाला.

तिच्या नेहमीच्या दुकानदाराने येऊन संगणकाचा डबा उघडून पाहिला. "कार्ड गेलंय, काका. चित्रं रंगवतं ना, तेच. हे केव्हाचं आजारी होतं. काकूंना माहीत होतं, दोन नवीन बघून गेल्या होत्या त्या."

"कुठलं घेणार होती?"

"तेच तर. म्हणाल्या, ठरलंय माझं, फोन करून सांगते." तो डब्याचे स्क्रू परत आवळायला लागला.

म्हणजे उत्तर होतं. पक्कं, ठरलेलं, तिच्या डोक्यात. खुर्चीत बसलेल्या बाईपासून ते हातभरावर होतं आणि कुणाचाच हात पोचत नव्हता.

दुकानात दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली होती, एक काळ्या खोक्यात, एक पांढऱ्या. दुकानदाराने समजावून सांगितलं. "काळ्याची मेमरी सोळा, पांढऱ्याची बारा. मेमरी म्हणजे ओटा धरा. काळ्याचा ओटा मोठा, सगळी भांडी मावतील, पण हात जरा सावकाश. पांढऱ्याचा ओटा लहान, पण हात असा चालतो की बघत राहावं. वीज मात्र जास्त खातं."

"मग चांगलं कुठलं?"

"काकूंची चित्रं किती मोठी असतात त्यावर आहे. बारात मावत असतील तर पांढरं. मावत नसतील तर पांढरं फुकट, मधेच बंद पडेल."

"किती मोठी असतात?"

"ते मला कसं माहीत असणार, काका?"

त्याने मुलीला फोन केला. ती लांब, दुसऱ्या शहरात. "बाबा, जास्त मेमरीवालं घे, सोपं आहे," ती म्हणाली. संध्याकाळी तिचाच पुन्हा फोन. "थांब जरा. ऑफिसातले म्हणतायत की वेग महत्त्वाचा." चित्रं उघडून मोजावीत, तर उघडायला कार्ड हवं. तो फिरून फिरून तिथेच येत होता.

शेवटी दोन्ही कार्डांची माहिती मोठ्या अक्षरांत छापून आणून त्याने ते कागद तिच्यापुढे ठेवले. एकेक ओळ वाचून दाखवली. मेमरी, वेग, वीज, लांबी. शब्द नीट उच्चारताना त्याची दमछाक झाली. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर पूर्वीची ती कामातली आठी पडलेली त्याने पाहिली आणि कागद आणखी जवळ सरकवले.

"अगं, यातलं कुठलं?"

तिने डावा हात उचलला. पांढऱ्या कार्डाच्या कागदावर बोट टेकवलं. "पंखा."

त्याने कागद बघितला. तिथे लिहिलंच होतं, कार्ड गार ठेवायला पंखे तीन. काळ्याला दोनच. तो ताडकन उठला. शेजारणीला घटकाभर तिच्यापाशी बसायला सांगून थेट दुकान गाठलं.

"तिने सांगितलं. तीन पंख्यांवालं," तो धापा टाकत म्हणाला. दुकानदारालाही आनंद झाला. त्याने खोकं काढून ठेवलं. "घरी फोटो दाखवून एकदा पक्कं करून घ्या, मग बसवायला येतो."

घरी शेजारीण गोंधळून उभी होती. "सारखं पंखा पंखा म्हणतायत. लावला, तर रडायलाच लागल्या."

तिला शाल हवी होती. ती पांघरून दिल्यावर त्याने पुन्हा दोन्ही कागद पुढे केले. या वेळी बोट काळ्यावर टेकलं. मग पांढऱ्यावर. मग टेबलाच्या कडेवर. "पंखा," ती म्हणाली, अगदी हळू, आणि तिनेच दोन्ही कागद पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी तो काळं घेऊन आला. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता तिला वेग कशाला लागतोय?" बोलून झाल्यावर त्याला मान वर करवेना.

कार्ड बसलं. दुकानदार सगळं तपासून, हात पुसून निघून गेला. पडद्यावर तिचं शेवटचं घर उघडलं, जराही अडखळलं नाही. पायऱ्यांवर ऊन होतं. भिंतीपाशी कुणाच्यातरी लहान मुलाच्या चपला मांडलेल्या होत्या. डावा हात माउसवर ठेवला आणि घर वळायला लागलं. दार मागे गेलं, खोली आली. तो तिच्या खांद्यामागे उभा होता, हलायची भीती वाटत होती.

मग हात जरा घसरला. घर कलंडलं, फरशी वर गेली आणि पडद्यावर घराची खालची बाजू आली, नुसती करडी. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली. करडं आणखी जवळ आलं. रोजची ती कळ बोटांना सापडेना. ती त्याच्याकडे पाहू लागली.

"मला नाही गं येत," तो म्हणाला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायची त्याला सवय होती, पण त्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. त्याने वाकून अंदाजाने एक कळ दाबली. घर एकदम लांब गेलं, ठिपक्याएवढं झालं.

फोन वाजला. मुलीचा. "बाबा, बसलं का? चालतंय?"

"कार्ड एकदम छान आहे," तो म्हणाला.

"आणि आई?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हात माउसवरून काढून मांडीवरच्या लुळ्या हातावर ठेवला होता. पडद्यावरच्या ठिपक्यावरून तिची नजर हलत नव्हती.

"बसलीये," तो म्हणाला. मग दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि तोही तिकडे बघत राहिला.